पाठलागाची तक्रार : नुसता अर्ज देऊन परतू नका

रोज नाशिकच्या सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) थांब्यावर तोच माणूस. तुमच्याच बसमध्ये चढतो, नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून मेसेज येतो. ‘अंगाला हात तर लावला नाही ना?’ असं घरचेच विचारतात. हात लावला नाही तरी हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 78, पहिल्यांदा दोषी ठरल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तुमच्या फोन-इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणंही याच कलमात येतं.

सगळ्यात जास्त अडतं ते नकारापाशी. ‘तुम्ही नाही म्हणालात, याला पुरावा काय?’ लेखी नकार कुणाकडेच नसतो. भीतीपोटी बहुतेकजणी गप्प राहिलेल्या असतात. कायदा स्पष्ट नकार मागतो, कागद मागत नाही. तोंडी नकार कुणासमोर दिला, नंबर कधी ब्लॉक केला, हे जबाबात तारखेसह सांगा. आणि कृपा करून, संतापाच्या भरात चॅट डिलीट करू नका. किती जणींचा पुरावा असाच गेला आहे.

दुसरा घोळ पोलीस ठाण्यात होतो. साधा अर्ज घेतात, शिक्का मारतात किंवा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) हातात देतात आणि बाई समाधानाने घरी येते. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो; एनसीवर भागत नाही. एफआयआर मागा, त्याची प्रत मोफत मिळते. जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर तर ऐकूनच घेऊ नका, हद्द कुठलीही असली तरी फिर्याद घ्यावीच लागते. प्राथमिक चौकशी करायची असेल तर वरिष्ठांची परवानगी लागते आणि ती 14 दिवसांत संपवावी लागते. तरीही नकार मिळाला तर नाशिक शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, सिन्नर-निफाडकडे ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

‘तीन दिवसांत तक्रार केली नाही, आता मुदत गेली’ असं समजून कितीजणी घरीच बसतात. ते तीन दिवस ऑनलाइन फिर्याद दिल्यावर ठाण्यात जाऊन सही करण्याचे आहेत. घटनेपासून मोजायचे नाहीत.

मुलगी 18 वर्षांखालची असेल तर पोक्सो (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) लागू होतो, हे ठाण्यात आधीच सांगा. जीवाला धोका वाटला तर 112, आधार आणि सल्ल्यासाठी 181. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालत बसू नका.