हील ड्रॉप : हलक्या रनिंग शूजची निवड
टाचेखालची आणि चवड्याखालची बुटाची जाडी यांतील फरकाला हील ड्रॉप म्हणतात. टाचेखाली 32 मिमी आणि चवड्याखाली 24 मिमी जाडी असेल, तर ड्रॉप 8 मिमी. गादीच्या जाडीवरून ड्रॉप ओळखता येत नाही. जाड गादीचे शून्य ड्रॉपचे बूटही मिळतात.

नेहमीच्या बुटांत ड्रॉप 8 ते 12 मिमी असतो. एका बुटाचे वजन साधारण 250 ग्रॅमच्या आत असेल तर तो हलका मानतात. अशा बुटांत ड्रॉप बहुधा कमी असतो, तरी आकडा बघूनच घ्यावा. ड्रॉप कमी असला की पोटरी आणि टाचेमागची अकिलीस कंडरा जास्त ताणली जाते. जास्त असला की भार गुडघ्याकडे सरकतो. 10 मिमीवरून 4 मिमीवर यायला सहा ते आठ आठवडे द्यावेत. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, दोन किलोमीटरच, आणि बाकीचा सराव जुन्या बुटांत. सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेमागे कळ आली तर नवा बूट काही दिवस बाजूला ठेवावा.

मराठवाड्यात हलके बूट घेणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारे पुष्कळ असतात. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. यांतल्या अनेकांचा दिवस चपलेत किंवा अनवाणी जातो आणि चवडा पसरट असतो. अरुंद बुटात करंगळीला फोड येतात, म्हणून एक नंबर मोठा बूट घेतला जातो. त्याने लांबी सुमारे 8.5 मिमी वाढते, रुंदी त्या मानाने थोडीच. टाच मात्र निसटू लागते. अशा पायाला रुंद पंज्याचाच बूट हवा, मग तो 20-30 ग्रॅम जड असला तरी चालेल.

माप संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, धावण्याचे मोजे घालून आणि उभे राहून घ्यावे. इनसोल (बुटातली सुटी आतली गादी) बाहेर काढून त्यावर उभे राहिल्यास करंगळी कडेबाहेर जाते का ते लगेच दिसते. सर्वांत लांब बोटापुढे 10 ते 12 मिमी जागा हवी. एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात याहून कमी जागेत नखे काळी पडतात. टाच किंचित हलत असेल तर लेस शेवटच्या वरच्या छिद्रातून त्याच बाजूला ओवून छोटा फासा करावा, दुसऱ्या बाजूची लेस त्यातून काढून आवळावी. जाड स्पंजची इनसोल घालू नये: पाय वर उचलला जातो, बोटांवरची जागा घटते, आणि ती टाचेकडे जाड असेल तर ड्रॉपही वाढतो.

पावसाळ्यात काळी माती तळव्याला चिकटली की हलक्या बुटाचा फायदा तिथेच संपतो. तेव्हा मुरमाचा रस्ता किंवा डांबरी सडक बरी. ओले बूट पत्र्यावर उन्हात वाळवले तर चिकटवण सुटते. कागदाचे बोळे भरून सावलीत ठेवावेत. धावताना टाच आधी टेकवणाऱ्याच्या बुटात टाचेकडचा फोम आधी दबतो, म्हणजे कंपनीने सांगितलेला ड्रॉप प्रत्यक्षात कमी होत जातो. बूट टेबलावर ठेवून मागून पाहिल्यावर एका बाजूला कललेला दिसला, तर सोलची नक्षी शाबूत असली तरी तो बदलावा.