कुर्त्सआर्बाइट (कोरोनाकाळातली जर्मनी)

कुर्त्सआर्बाइट ही जर्मनीतली कमी तास कामाची सरकारी व्यवस्था. काम तात्पुरतं आटलं की माणसं काढून टाकण्याऐवजी त्यांचे तास कमी करायचे, नोकरी तशीच चालू ठेवायची आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा बेरोजगारी विम्याच्या फंडातून द्यायचा. याची मुळं १९१० सालच्या पोटॅश खाणींच्या कायद्यापर्यंत जातात, त्यामुळे २०२० मध्ये साथ आली तेव्हा जर्मनीला नवीन काही शोधावं लागलं नाही, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडला.

हिशोब असा की बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के रक्कम मिळते, मूल असेल तर ६७ टक्के. समजा हातात २००० युरो येतात आणि तास निम्मे झाल्यामुळे १००० च यायला लागले, तर बुडालेल्या हजाराचे ६०० मिळून १६०० होतात, म्हणजे काम अर्धं झालं तरी घरात येणारा पैसा पाचवा हिस्साच कमी झाला. काम पूर्ण बंद असेल तर मात्र त्याच माणसाला १२०० च मिळतात, आणि मोठ्या शहरात घरभाडं भरून त्यात महिना काढणं फार अवघड. कामगाराला कुठे अर्ज करावा लागत नाही, कंपनीच पगारासोबत हे पैसे देते आणि नंतर न्युरेंबर्गला मुख्यालय असलेल्या सरकारी रोजगार संस्थेकडून परत घेते.

मार्च २०२० मध्ये नियम पटापट सैल केले. आधी निदान एक तृतीयांश कामगारांचं काम घटलेलं असावं लागायचं, ते १० टक्क्यांवर आणलं, कंत्राटी एजन्सीचे कामगारही आत घेतले, आणि बुडालेल्या तासांसाठी कंपनीला भरावे लागणारे विम्याचे हप्तेही सरकारने परत द्यायला सुरुवात केली. मग मे २०२० मध्ये साथीपुरतं असं ठरलं की काम निदान निम्मं घटलेलं असेल तर चौथ्या महिन्यापासून ७० (मूल असेल तर ७७) आणि सातव्यापासून ८० (८७) टक्के द्यायचे. एप्रिल २०२० मध्ये जवळपास ६० लाख लोक यात होते, २००९ च्या मंदीत हा आकडा सर्वात जास्त असतानाही १५ लाखांच्या आतच होता. रोजगार संस्थेकडची सुमारे २६ अब्ज युरोंची शिल्लक संपली आणि मग केंद्राच्या तिजोरीतून पैसे घालावे लागले, पण त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेत बेरोजगारी १४ टक्क्यांच्या वर गेली आणि जर्मनीत ती साडेसहा टक्क्यांच्या आतच राहिली हे बघितलं की तो खर्च सार्थकी लागला असंच म्हणावं लागतं.

यातून वगळले गेले ते सगळ्यात खालचे. हॉटेलात, दुकानात 'मिनीजॉब' करणारे, त्या वेळी महिना ४५० युरोपर्यंत कमावणारे लोक बेरोजगारी विमा भरत नाहीत म्हणून त्यांना एक पैसाही मिळाला नाही आणि हॉटेलं बंद झाल्यावर पहिली गदा त्यांच्यावरच आली, हा या व्यवस्थेतला मोठा अन्याय आहे. शिवाय हे पैसे करमुक्त असले तरी बाकीच्या उत्पन्नावरचा कराचा दर ठरवताना मोजले जातात, त्यामुळे पुढच्या वर्षी रिटर्न भरताना बऱ्याच जणांना जास्तीचा कर भरावा लागला. तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी लोकांनाही विमा भरत असतील तर हेच सगळे नियम लागू.

ब्रिटनने असंच काहीतरी घाईघाईत उभं केलं, ८० टक्के पगार पण महिन्याला जास्तीत जास्त २५०० पौंड. भारतात २९ मार्च २०२० ला केंद्राने लॉकडाऊनमध्ये पगार कापू नका असा आदेश काढला पण त्यामागे मालकाला पैसे देणारा कुठला फंड नव्हता, छोट्या कारखानदारांनी पगार आणायचे कुठून? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मे महिन्यात आदेश मागे घेतला. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या (म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याच्या) काळात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे द्यायची तरतूद होती, पण तेही मालकाच्याच खिशातून, आणि ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना ती लागूच नव्हती.