व्हेंटिलेटरला खोकता येत नाही

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावर घरोघरी ओट्यावर उकळलेल्या पाण्याची पातेली निवत असायची. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण सापडत होते. पुणे परिसरात संशयित रुग्णांचा आकडा २००च्या वर गेला आणि त्यातल्या बऱ्याच जणांना व्हेंटिलेटर लागला. आमच्या इमारतीतले एक काका त्यांपैकीच. 'व्हेंटिलेटरवर ठेवलंय' ही बातमी आली आणि जिन्यात लोक दबक्या आवाजात बोलू लागले, जणू सगळं आटोपलंच.

जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, बहुधा जुलाब किंवा सर्दीतापानंतर. पायांतलं बळ जातं आणि तो लुळेपणा वर चढत श्वासपटलापर्यंत पोचू शकतो. फुप्फुसं ठणठणीत असतात, पण भाता ओढणारा हातच गळालेला असतो. म्हणून बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा इथे फसवतो. सिस्टर काकांना एका श्वासात आकडे मोजायला लावत होत्या. सकाळी पंचविसापर्यंत गेलेले काका संध्याकाळी बारावर अडकले. ऑक्सिजन तेव्हाही ९७ होता. त्या रात्रीच नळी घातली.

आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुगते आणि हवा आपसूक आत ओढली जाते. व्हेंटिलेटर उलटं करतो, हवा आत ढकलतो. किती ढकलायची हे वजनावर नाही, उंचीवर ठरतं, कारण पोट सुटलं म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. पण नळी घशातून जाते तेव्हा वाटेतल्या सगळ्यांची नोकरी जाते. हवा ऊबदार, ओलसर करणारं नाक बाजूला पडतं. स्वरतंतूंच्या मधूनच नळी गेल्यामुळे आवाज बंद होतो. आणि कफ बाहेर फेकणारा खोकला जातो. ही सगळी कामं मग कुणी करायची? नाकाचं काम नळीला जोडलेला फिल्टर किंवा ह्युमिडिफायर करतो. बाकीचं सिस्टरच्या अंगावर.

सक्शन, म्हणजे नळीतून कफ ओढून काढणं, मी काचेतून पाहिलं आहे. सिस्टरनी आधी काकांच्या छातीवर हात ठेवला. आत कफ घुरघुरत असला तर तो तळव्याला कळतो. मग काही क्षण पूर्ण ऑक्सिजन, मग बारीक सक्शनची नळी आत, ओढत बाहेर, १०-१५ सेकंदांत खेळ खलास. त्याहून जास्त वेळ लावला तर कफाबरोबर रुग्णाची हवाही ओढली जाते. डोळे मात्र त्यांचे हातावर नव्हते, मॉनिटरवर होते. जीबीएसमध्ये हृदयाला लगाम घालणाऱ्या नसाही बिघडू शकतात, आणि घशात एवढीशी नळी हलली तरी नाडी एकदम घसरू शकते. हे काम घड्याळ बघून दर दोन तासांनी उरकायचं नसतं, गरज दिसली की करायचं.

नळीच्या टोकाला एक छोटा फुगा असतो, लाळ खाली उतरू नये म्हणून. त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर इतका लागतो. कमी झाला तर लाळ फुप्फुसात झिरपून न्यूमोनिया, जास्त झाला तर श्वासनलिकेला जखम. शिवाय डोक्याकडचा पलंग ३० ते ४५ अंश वर, आणि रोज दात घासणं. दात घासणं हा न्यूमोनियावरचा उपाय आहे हे काकूंना शेवटपर्यंत पटलं नाही.

१९५२मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांना हाताने रबरी पिशवी दाबत श्वास दिला. पिशवी दाबणारा मुलगा रुग्णाच्या उशाशीच बसलेला असायचा. पुढे त्याच्या हाताची जागा यंत्राने घेतली, उशाशी बसणं सिस्टरकडे आलं.

कारण काका शुद्धीवर होते. सगळं ऐकू येतंय, कळतंय, हलता येत नाही. मुलाने हौसेने मुळाक्षरांचा तक्ता करून नेला. पण काना, मात्रा, वेलांटी डोळ्यांच्या उघडझापीने सांगायची म्हणजे 'पाणी' लिहीपर्यंत माणूस थकतो. सिस्टरनी तो बाजूला ठेवला आणि सरळ विचारायला लागल्या: दुखतंय? कूस बदलू? लाइट बंद करू? एकदा उघडझाप म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एका दुपारी सगळ्याला नाहीच येत होतं. शेवटी, 'नाक खाजतंय का काका?' हो.

औषधं लागू पडली आणि काका यंत्राच्या मदतीशिवाय श्वास घेऊ लागले. जीबीएसमध्ये कित्येकांना आठवडेच्या आठवडे लागतात, त्या मानाने ते सुदैवी. तरी नळी लगेच काढली नाही. सिस्टरनी नळीच्या तोंडासमोर दोन सेंटिमीटरवर कोरं कार्ड धरलं आणि म्हणाल्या, 'खोका काका, जोरात.' पहिल्या दिवशी कार्ड कोरडंच राहिलं. दोन दिवसांनी त्यावर थेंब उडाले, आणि काकूंनी ते कार्ड घरी न्यायला मागितलं. सिस्टरनी अर्थातच दिलं नाही, जंतूंच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकलं.