एकल-पेशी आरएनए अनुक्रमण

ऊतीतल्या प्रत्येक पेशीत कोणती जनुके किती चालू आहेत, हे तिच्यातील संदेशवाहक आरएनए (चालू जनुकाची नक्कल) वाचून पेशीगणिक नोंदवण्याची पद्धत. नेहमीच्या आरएनए अनुक्रमणात लाखो पेशी एकत्र कुटल्या जातात आणि हाती लागते ती सरासरी. विरळ पेशी त्यात बुडून जाते. श्वासनलिकेच्या अस्तरातील आयनोसाइट ही अशीच पेशी. अस्तरात तिचे प्रमाण जेमतेम १ टक्का, पण सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक फुफ्फुसविकाराला कारण ठरणारे सीएफटीआर जनुक तिच्यातच सर्वांत जोरात चालते. २०१८ मध्ये दोन संशोधक-गटांना ती याच पद्धतीने सापडली.

एका पेशीत एकूण आरएनए साधारण १० ते ३० पिकोग्रॅम (ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग) असतो आणि त्यातला संदेशवाहक भाग काही टक्केच. इतक्या थोडक्या मालावर २००९ मध्ये केंब्रिजला आझिम सुरानी यांच्या प्रयोगशाळेत फूचौ तांग यांनी उंदराच्या भ्रूणातील एकेका पेशीचे अनुक्रमण करून दाखवले. हजारो पेशींचा टप्पा २०१५ मध्ये हार्वर्डमधून आलेल्या ड्रॉप-सेक आणि इनड्रॉप या दोन पद्धतींनी गाठला. दोन्हींत पेशी तेलातल्या सूक्ष्म थेंबात अडकवतात. थेंबात पेशीबरोबर एक मणी असतो व त्यावर डीएनएचे तुकडे असतात. त्यातील बारकोड सांगतो पेशी कोणती; दुसरा छोटा यादृच्छिक क्रम सांगतो मूळ रेणू कोणता, म्हणजे पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत) झालेल्या प्रती पुन्हा मोजल्या जात नाहीत. शेवटची टी-अक्षरांची शेपटी आरएनएची ए-शेपटी पकडते. ती न पकडलेला रेणू कायमचा गेला. त्यामुळे शेवटी मिळणाऱ्या पेशी-जनुक मोजणीच्या तक्त्यातल्या शून्याचा अर्थ ‘जनुक बंद’ असाच होतो असे नाही.

प्रयोगाचा निकाल मात्र यंत्राआधीच, ऊती सुटी करताना, बऱ्याच अंशी ठरून जातो. ऊती सुटी करणारे कोलॅजिनेज हे विकर ३७ अंश सेल्सिअसला काम करते. तेवढ्या वेळात पेशी जिवंत असतात, घाबरतात आणि फॉस, जुन यांसारखी ताण-जनुके चालू करतात. मग तो ताणच नवा पेशीप्रकार म्हणून विश्लेषणात उभा राहतो. उपाय म्हणून ६ अंशांच्या आसपासही चालणारे जीवाणूजन्य प्रोटिएज (प्रथिने तोडणारे विकर) वापरता येते, पण घट्ट तंतुमय ऊती त्याला दाद देत नाही. सुट्या पेशी ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून ०.०४ टक्के बीएसए (एक प्रथिन) घातलेल्या, कॅल्शियम-मॅग्नेशियमरहित पीबीएस या क्षार-द्रावणात ठेवतात, आणि ढवळायला पिपेटची रुंद तोंडाची टीप घेतात. द्रावणात ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारे रसायन) जास्त राहिले तर ते मॅग्नेशियम बांधून ठेवते आणि आरएनएवरून डीएनए बनवणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर थंडावते. जिवंत पेशींचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर हवे. फुटलेल्या पेशींचा आरएनए द्रावणात तरंगतो आणि प्रत्येक थेंबात शिरतो. तांबड्या पेशी फुटल्या असतील तर यकृताच्या पेशीतही हिमोग्लोबिन ‘सापडते’. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा वेगळाच त्रास: आरएनए कमी आणि तो तोडणारी विकरे भरपूर, त्यामुळे त्या रक्तातील पांढऱ्या पेशींत बहुसंख्य असूनही तक्त्यात दिसेनाशा होतात. गोठवलेल्या मेंदूतून अखंड चेतापेशी निघत नाहीत. तिथे केंद्रकेच वेगळी काढतात. केंद्रकातल्या आरएनएमधून इंट्रॉन (पुढे कापून टाकले जाणारे तुकडे) पूर्ण काढलेले नसतात, म्हणून मोजणीत ते धरले नाहीत तर बरीचशी माहिती वाया जाते.

एका थेंबात दोन पेशी आल्या की तक्त्यात त्या दोन्हींचा संकर एकच पेशी म्हणून दिसतो. क्रोमियम या थेंब-यंत्राच्या व्ही३ पिढीतील संचांत १०,००० पेशी मिळवायच्या ठरवल्या तर जवळपास ८ टक्के जोड्या निघत. लोभाने पेशी वाढवल्या की जोड्याही वाढतात.

विश्लेषण बहुधा सुरा किंवा स्कॅनपाय या आज्ञावलींवर होते. (पहिलीचे नाव ठिपक्यांनी चित्रे रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकारावरून आले आहे, आणि ते शोभतेही.) आवरण फाटलेल्या पेशीतून पेशीद्रव गळतो, मायटोकाँड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रे) मागे राहतात, म्हणून मायटोकाँड्रियल आरएनएचा वाटा जास्त दिसला की पेशी वगळतात. पण ५ टक्क्यांची सरसकट रेघ मुळातच मायटोकाँड्रियांनी भरलेल्या हृदयस्नायूला लावली तर धडधाकट पेशीच बाहेर पडतील. पेशींमधले साम्य सपाट चित्रात मांडणाऱ्या यूमॅप नकाशावरील दोन पुंजक्यांमधल्या अंतरावरही विसंबू नये.

सर्वांत महाग चूक संख्याशास्त्रातली. ३ रुग्णांच्या ३०,००० पेशी तपासल्या तरी नमुने ३च राहतात. प्रत्येक पेशी स्वतंत्र नमुना मानली की पी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) हास्यास्पद लहान येते. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या एकाच प्रकारच्या पेशींतील मोजणी आधी बेरीज करून एक करतात आणि मगच रुग्णांची आपापसांत तुलना करतात.