पॉवर पॉइंटची पार्श्वभूमी : इस्त्रीपासून गाडीच्या चार्जिंगपर्यंत

आपला गोल पिनांचा प्लग १९३४ च्या ब्रिटिश मानकावर बेतलेला. त्यातले ५ आणि १५ अँपिअरचे दोन आकार घरोघरी रुळले. भारतीय मानकात पुढे ६ आणि १६ आले, तरी कारागिराच्या तोंडी 'पंधराचा पॉइंट' आहे तो आहेच. लाइट आणि पॉवर अशी वेगळी वायरिंग निघण्यामागे दरांचाही हात होता. दिवे-पंख्यांची वीज एका दराने, इस्त्री-शेगडीची दुसऱ्या. म्हणून जुन्या इमारतींत एकाच घराला दोन मीटर दिसत.

आज एसी-गिझरच्या तक्रारी येतात त्यांचं मूळ मात्र बरेचदा अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीत सापडतं. स्वातंत्र्यानंतर तांबं मोठ्या प्रमाणात आयात करावं लागे, बॉक्साइट देशातच भरपूर होतं. परकीय चलन वाचवण्यासाठी केबलपासून घरगुती वायरीपर्यंत अ‍ॅल्युमिनियम आलं. 'तिथेच वाटोळं झालं' असं आज सर्रास म्हटलं जातं, आणि ते अन्यायाचं आहे. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. १/१.८ म्हणजे १.८ मिमी व्यासाची एकच तार, क्षेत्रफळ २.५ चौ. मिमी, तांब्याच्या हिशेबात ती जेमतेम दीड भरते. चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ यांना तेवढी पुरून उरत होती.

चूक झाली ती जोडात. वायर बदलली, पण स्विच-सॉकेटचे पितळी स्क्रू तेच राहिले. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, त्यामुळे घट्ट पिळलेला स्क्रू काही वर्षांत सैल पडतो. उघड्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. अशा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याची वायर पिळून वर टेप गुंडाळली, तर दमट हवेत गंज आणखी लवकर लागतो. अशा जोडाचा रोध ०.१ ओहम झाला असं धरा. २ किलोवॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो; जोडावर साडेसात वॅट उष्णता. ३.३ किलोवॅटचा गाडीचा चार्जर १४.३ अँपिअर घेतो; उष्णता २० वॅट, म्हणजे जवळपास सोल्डरिंग आयर्नइतकी, तीही नखाएवढ्या जागेत. गिझर थर्मोस्टॅटवर बंद तरी होतो. चार्जर तासन्‌तास चालू असतो.

यात एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही गप्प राहते, कारण गळती नसते. ती माणसाला वाचवते, एमसीबी वायरीला. सैल जोडाला दोन्ही वाचवत नाहीत. प्लग काढल्यावर पिन चटका देण्याइतकी तापलेली असेल किंवा सॉकेटचं प्लास्टिक पिवळट पडलं असेल, तर तो पॉइंट त्याच दिवशी बंद करावा.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ चा बसवणं हा तर सगळ्यात घातक उपाय. जुन्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालायची जुनी खोड नव्या डब्यात शिरली, एवढाच त्याचा अर्थ. दीड चौ. मिमी.ची वायर भिंतीत भाजत राहते.

जुन्या घरात एसी, गिझर किंवा चार्जर लावायचा, तर प्रत्येकाला डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या मुख्य डब्यापासून) मधे जोड नसलेली तांब्याची स्वतंत्र लाइन ओढावी, सोबत अर्थिंगची वायरही. दीड टनाच्या एसीला आणि चार्जरला ४ चौ. मिमी., १६ च्या सॉकेटमागे १६ चाच एमसीबी. ४.५ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर १९.६ अँपिअर घेतो, तो प्लगवर चालवूच नये, ४ चौ. मिमी., २५ चा एमसीबी आणि ३२ चा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) घालून थेट जोडावा. महिन्याभराने मेन बंद करून स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्यावेत.