गोड्या पाण्यातील लहान गोगलगायींचे वर्गीकरण

ओढे, झरे, तळी व कालवे यांत राहणाऱ्या, सहसा सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान शंखाच्या गोगलगायींच्या जाती ओळखणे, त्यांचे वर्णन करणे व त्यांना शास्त्रीय नाव देणे, ही मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासातील एक किचकट शाखा आहे. किचकट अशासाठी, की सर्वांत आधी हाती लागणारा पुरावा, म्हणजे शंख, तोच पुष्कळदा चकवतो.

वर्णनाची सुरुवात तरीही शंखापासूनच होते. टोक वर आणि मुख आपल्याकडे धरावे. मुख उजव्या बाजूला आले तर शंख उजवा, डाव्या बाजूला आले तर डावा. मग उंची-रुंदी, वेटोळ्यांची संख्या, त्यांमधील शिवणीची खोली, मुखाची कड, बेंबी (शंखाच्या तळाशी अक्षाजवळचे छिद्र) उघडी की बुजलेली, मुखावर झाकण आहे की नाही, हे सारे टिपले जाते. नमुना पूर्ण वाढलेला आहे ना, हेही पाहावे लागते. पिल्लांना वेगळी जात समजण्याची चूक सहज होते. ज्या नमुन्यावर नाव बेतलेले असते तो ‘प्ररूप’ संग्रहालयात जपतात. नावाबद्दल पुढे वाद झाला, तर त्याच्याकडेच परतावे लागते.

एकाच जातीचा शंख वाहत्या पाण्यात एका घाटाचा, तर साचलेल्या पाण्यात दुसऱ्याच घाटाचा होऊ शकतो. एकोणिसाव्या शतकात अशा फरकांवरून जातींची भाराभर नावे दिली गेली. डाव्या शंखाची, बिनझाकणाची ‘फायसा अक्यूटा’ हे याचे ठळक उदाहरण. द्रापार्नो यांनी केलेले तिचे फ्रान्समधील वर्णन १८०५ साली प्रसिद्ध झाले. १८१७ मध्ये टॉमस से यांनी अमेरिकेतील गोगलगायीला ‘फायसा हेटेरोस्ट्रोफा’ म्हटले. दोन्हींचा संकर घडवल्यावर प्रजननात कोणताही अडसर आढळला नाही, म्हणजे दोन्ही एकच जात, हे २००२ साली प्रसिद्ध झाले. आधीचे नाव टिकते या नियमामुळे मूळची उत्तर अमेरिकी गोगलगाय आज फ्रान्समधील नमुन्याच्या नावाने ओळखली जाते. भारतातही ती पोचली आहे.

म्हणून केवळ शंखावर विसंबून दिलेले नाव तात्पुरतेच मानलेले बरे. जननेंद्रियांची रचना, जिभेवरील सूक्ष्म दातांच्या रांगा आणि डीएनए यांची जोड लागते. विच्छेदनाआधी प्राण्याला मेंथॉलच्या स्फटिकांनी शिथिल करतात. नाहीतर तो अंग आत ओढून घेतो आणि अवयव नीट दिसत नाहीत.

सह्याद्रीतील ‘क्रेम्नोकाँकस’ ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) या पद्धतीचे फळ दाखवते. तिचे कुल (प्रजातींचा मोठा गट), लिटोरिनिडी, मुख्यतः समुद्रकिनाऱ्यावरील खडकांवर राहणारे. ही एकटीच घाटातील कड्यांवर, धबधब्यांच्या तुषारांत भिजणाऱ्या खडकांवर आढळते. भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅनफोर्ड यांनी १८६३ मध्ये प्रजातीला ‘क्रेम्नोबेटिस’ म्हटले होते. ते नाव एका माशाला आधीच दिलेले निघाले, म्हणून १८६९ मध्ये ते बदलावे लागले. त्यानंतर बराच काळ महाराष्ट्रातील तीनच जाती मानल्या जात होत्या. डेव्हिड रीड, अरविंद आणि मध्यस्थ या तीन संशोधकांनी २०१३ मध्ये शंखाबरोबर दात आणि जननसंस्थाही तपासून कर्नाटकातील सहा नव्या जातींचे वर्णन केले. आगुंबे येथील ‘क्रेम्नोकाँकस अगुंबेन्सिस’ त्यांपैकीच.

या कामाचा वैद्यकाशीही संबंध येतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे १९५० च्या दशकात शिस्टोसोमा या परजीवी कृमीमुळे होणाऱ्या मूत्रमार्गाच्या रोगाचे रुग्ण आढळले. हा कृमी माणसात शिरण्याआधी गोगलगायीत वाढतो. आफ्रिकेत ते काम ‘बुलिनस’ प्रजाती करते. गिमवीत मात्र संशोधकांनी ‘फेरिसिया टेन्युइस’ या टोपीसारख्या शंखाच्या, काही मिलिमीटर लांबीच्या गोगलगायीकडे बोट दाखवले.