वाद्यवृंदातील वादकाची सर्जक ओळख (गोवा)

बँड, वाद्यवृंद किंवा साथसंगत यांत मिसळून गेलेली वादकाची शैली आणि त्या समूहाबाहेर त्याने स्वतःच्या नावावर केलेले काम, या दोहोंतून घडणारी ओळख. गोमंतकीय वादकांच्या बाबतीत या दोन बाजूंत फार अंतर पडले.

पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवणारे हे वादक मुंबईच्या जाझ बँडांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गेले. चाल संगीतकाराची असे. मधले तुकडे, चालीमागून वाहणारी दुसरी सुरावट आणि कोणत्या वाद्याने कुठे शिरायचे, हे अरेंजर लिहून काढी. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनचा भरदार ताफा सेबॅस्टियन डिसोझा यांच्या लेखणीतून उतरला. असे काम श्रेयनामावलीत 'सहायक' एवढ्यावर भागवले जाई, पुष्कळदा तेवढेही नाही. याला निव्वळ कारागिरी म्हणणे अन्यायाचे आहे. ती रचनाच होती.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे उदाहरण सर्वांत बोलके. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचे शिष्य. राग आणि पाश्चात्त्य स्वरमेळ एकत्र आणण्याचा त्यांचा ध्यास चित्रपटाच्या तीन मिनिटांत मावणारा नव्हता. म्हणून १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. काही वर्षांत ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर गावीच राहिले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गाण्यात गुंफले. ते नाव देशभर पाठ झाले, पण अशा नावाचा वादक खरोखर आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांनी मुंबईच्या स्टुडिओंत उमेदीची वर्षे घालवून 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी बँडचा अनुभव घेतल्यावर गाणी, वाद्ये आणि ध्वनिमुद्रण स्वतःच्याच हाती ठेवले. गायिका लॉर्ना यांची वाट अधिक खडतर. त्यांचा आवाज आणि ख्रिस पेरी यांचा बँड श्रोत्यांच्या मनात एकच झाले होते. ती साथ सुटल्यावर त्यांचे गाणे बरीच वर्षे थांबले. १९९५ मध्ये त्या पुन्हा मंचावर आल्या, तेव्हा गोव्याने त्यांना डोक्यावर घेतले.

हिंदुस्थानी संगीतात साथीदाराला मागे बसवण्याची रीत जुनी आहे. तरीही तबलावादक लक्ष्मण पर्वतकर ऊर्फ खाप्रूमाम यांनी लयीवरील विलक्षण हुकमतीने 'लयभास्कर' ही कीर्ती मिळवली. हातापायांनी ते एकाच वेळी वेगवेगळे ताल दाखवत. त्यांच्या बाबतीत साथ करणारा आणि स्वतंत्र कलावंत असा भेद करताच येत नाही.